शेवटच्या प्रकरणाच्या अलीकडे

अल-मिना, त्रिपोली (लेबनॉन)
दि. ३ ऑक्टोबर २०२१

आदरणीय श्री. वजीह यांस,
सादर सलाम, वि. वि.

ओळखदेख नसताना आपल्याला पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याची क्षमा आधीच मागून ठेवते. हे पत्र मी पुन्हा पुन्हा वहीत लिहिले आणि फाडले. आपण तिकडे फ्रेंच-इंग्रजीत वावरत असाल. मी अरबी शाळेत शिकलेली, पहिला नंबर काढूनही चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगी. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

मी नुहादची मुलगी युम्ना. आईच्या भावाला ‘खालो’ म्हणावे आणि त्यानेही भाचीला लाडाने ‘खालो’ म्हणूनच हाक मारावी, हे मी शेजारच्या घरांतून ऐकत मोठी झाले. माझ्या वाट्याला ते आले नाही, म्हणून वर ‘आदरणीय’ लिहिले. आपण आणि आई एकमेकांशी बोलत नाही, एवढेच मला ठाऊक आहे. त्यात पडण्यासाठी हे पत्र नाही. हे पत्र एका बॅटरीसाठी आहे.

आईकडे एक ई-रीडर आहे. ती त्याला पाटी म्हणते. तीन वर्षांपूर्वी आईची मैत्रीण हेलेन मावशी कॅनडाहून आली असता, तिला स्वतःला या जुन्या वस्तूची अडचणच होते, असे सांगून ती ठेवून गेली. परवा पाटीच्या माहितीच्या पानावर मालक म्हणून आपले नाव आणि हा ई-मेलचा पत्ता दिसला, तेव्हा मी दचकले. आईला विचारण्याचा धीर झाला नाही.

वसंतापासून आई अंथरुणाला खिळली आहे. तिचे हृदय थकले आहे, पायांवर सूज असते, आणि जी गोळी हवी ती दुकानात कधी मिळते, कधी मिळत नाही. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. अक्षरे चांगली बोटभर मोठी करून ती साबण करणाऱ्या एका घराण्याची जाडजूड कादंबरी वाचते. एवढाच तिला विरंगुळा. परंतु सरकारी वीज आली तर तासभर येते, आणि गल्लीतला जनरेटर, ज्याला आम्ही सगळे नुसती ‘मोटर’ म्हणतो, डिझेल मिळेल तेवढाच चालतो. दोन दिवसांत पाटी मान टाकते आणि आई भिंतीकडे तोंड करून पडून राहते. शेजारच्या उम्म नकूला, म्हणजे नकूलाच्या आई, तर म्हणतात की या पाटीला तान्ह्या पोरासारखे सारखे पाजावे लागते, आणि मेली वाढत मात्र नाही.

आपण विजेच्या कामात आयुष्य घालवले, असे हेलेन मावशीच्या बोलण्यात आले होते. बॅटरी अधिक काळ टिकावी म्हणून काय करावे, एवढे कृपया कळवावे. मी लिहिल्याचे आईला ठाऊक नाही, होऊही नये.

राग न धरता दोन ओळी लिहाल, अशी आशा धरून थांबते.

आपली नम्र,
युम्ना


हॅलिफॅक्स
दि. ६ ऑक्टोबर २०२१

कु. युम्ना यांस,

पत्र पोहोचले. विचारले आहे तेवढ्यापुरते उत्तर देतो.

यंत्र दरवेळी पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करू नये. सुरू होताना ते बरेच खाते. नुसते झोपवून ठेवावे. पडद्याचा दिवा दिवसा शून्यावर आणावा आणि खिडकीशी बसून वाचावे. या जातीच्या पडद्याला पान दाखवत राहण्यास वीज लागत नाही, पान बदलण्यास लागते. म्हणून दर पानाला सबंध पडदा पुसण्याची जी सोय असते ती बंद करावी. ढीगभर पुस्तके एकदम भरू नयेत. त्यांतला शब्द न् शब्द नोंदवून घेत यंत्र आतल्या आत राबत बसते. बॅटरी तळाला जाईपर्यंत वाट पाहू नये. मोटर आली की थोडी थोडी भरत जावी. उशीखाली तर मुळीच ठेवू नये, उबेने बॅटरी लवकर म्हातारी होते.

अक्षरे मोठी केली की पाने वाढतात आणि वीजही जास्त जाते, हे खरे आहे. तरी अक्षरे लहान करू नका. जाईल तेवढी जाऊ द्या. पुढे चौदाव्या प्रकरणात कारखान्याची चित्रे आहेत, तिथे यंत्र अडखळेल; ती पाने भराभर ओलांडावीत.

तुमच्या घरच्या इतर गोष्टी मला कळवण्याचे कारण नव्हते.

वजीह

ता. क. त्या गोळीचे नाव काय?


अल-मिना
दि. १७ ऑक्टोबर २०२१

आदरणीय श्री. वजीह यांस,
सादर सलाम, वि. वि.

आपले पत्र मोटरच्या उजेडात वाचले आणि मोटर गेल्यावर आठवून आठवून पुन्हा वाचले. घरच्या गोष्टी कळवण्याचे कारण नव्हते असे लिहून आपण खाली गोळीचे नाव विचारलेत. आईही रागावली की अशीच वागते. जेवणार नाही म्हणून सांगते आणि लगेच भाजीत मीठ घातले का ते विचारते. गोळीचे नाव वेगळ्या कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून त्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

आपण सांगितले ते सर्व केले. उशीखालची जागा सोडायला आई तयार नव्हती. चोर येईल म्हणे. चोराने या घरात येऊन पाटीच का न्यावी, असे मी विचारले, तर म्हणाली की दुसरे आहे काय. अखेर खिडकीच्या फळीवर तडजोड झाली. एक कोडे मात्र सुटले नाही. आई तेराव्या प्रकरणावर होती आणि चौदावे पुढे होते, हे मी आपल्याला कुठे कळवले होते? बहुधा योगायोग असावा.

आता माझ्या पराक्रमाची हकीकत. आपल्या उपायांनी दोनाचे तीन दिवस झाले, पण मला चैन पडेना. म्हणून पाटीसोबतची माहितीपुस्तिका परीक्षेचा अभ्यास करावा तशी अथपासून इतिपर्यंत वाचली, आणि मुख्य चोर सापडला! पाटीचे वाय-फाय रात्रंदिवस चालूच होते. घरातला राऊटर विजेवाचून बहुतेक वेळ मेलेला असतो. पाटी मात्र त्याला सारखी हाका मारीत राहते, आणि हाका मारण्यातच तिची सगळी शक्ती संपते. मी वाय-फाय बंद केले. आता एकदा भरलेली पाटी आठवडा उलटून गेला तरी निम्म्यावरही आलेली नाही. इतकी सोपी गोष्ट आपल्यासारख्या जाणत्या माणसाच्या नजरेतून सुटली, याचे मला नवल वाटले. आणि खोटे कशाला बोलू, थोडा आनंदही झाला.

आईला मात्र आनंद झाला नाही. कोपऱ्यातली पंख्यासारखी खूण कुठे गेली, एवढेच तिने विचारले. मी पाटीच्या हाकांचे सगळे समजावून सांगितले, तर ती म्हणाली की मारू दे की हाका, तुझे काय जाते. नंतर तिने पाटी मिटून ठेवली. अलीकडे ती फारशी वाचत नाही. आजारपणात माणूस हट्टी होतो, असे उम्म नकूला सांगतात.

आपल्या प्रकृतीस जपावे. तिकडे थंडी सुरू झाली असेल.

पहिल्यांदाच थोडी शहाणी ठरलेली,
युम्ना


हॅलिफॅक्स
दि. ७ नोव्हेंबर २०२१

चि. युम्नास,

उत्तराला उशीर झाला. कामात होतो असे लिहिणार होतो. मी निवृत्त आहे. मला काम नाही.

तू जे केलेस ते अगदी बरोबर केलेस. पूर्ण गुण द्यावे लागतील. बॅटरी वाचवायची तर सर्वांत आधी वाय-फाय बंद करतात, हे माझ्या नजरेतून सुटले नव्हते. मी ते मुद्दाम लिहिले नाही.

पाटी माझीच. हेलेनच्या हाती मीच पाठवली, आणि माझे नाव घेतलेस तर पुन्हा दारात उभे राहू नकोस असे तिला बजावले. एकाच खात्यावर दोन यंत्रे असली की एकावर वाचलेले पान दुसऱ्याला कळते. सकाळी कॉफी चढवून मी माझे यंत्र उघडतो. ते मला विचारते, की दुसरीकडे याच्या पुढचे पान वाचले गेले आहे, तिथे जायचे का? तीन वर्षे मी ‘हो’ म्हणत आलो. ती बरीच पुढे गेलेली असली की समजायचे, काल तिला बरे होते. पान जागचे हललेलेच नसले की माझा दिवस जायचा नाही. पुस्तके इथून मीच घालत असे. तिला काय आवडेल ते मला अजून कळते.

आता यंत्र काही विचारत नाही. कारण मला ठाऊक आहे. वाय-फाय बंद आहे आणि मुलगी हुशार आहे, याहून अधिक काही घडलेले नाही, हे मी स्वतःला रोज समजावतो. तरी रोज कॉफी उतू जाते.

तेव्हा ते पुन्हा सुरू कर. बॅटरी संपली तर संपू दे. आईला यातले अवाक्षर सांगू नकोस. तिला यातले काहीच ठाऊक नाही. गोळ्या इथे मिळाल्या. कोणाच्या हाती पाठवाव्यात ते पाहतो आहे.

वजीह


अल-मिना
दि. १० नोव्हेंबर २०२१

आदरणीय,
सादर सलाम, वि. वि.

आपल्याला कसे संबोधावे हे आज मला कळत नाही, म्हणून नाव न घालताच लिहिते.

काल दुपारी मोटर आली तेव्हा मी गुपचूप वाय-फाय सुरू केले आणि पाटी आईच्या मांडीवर ठेवली. कोपऱ्यातली खूण पाहताच ती उठून बसली. किती तरी दिवसांत ती आधाराशिवाय बसली नव्हती. मग माझ्याकडे रोखून पाहत तिने विचारले, की त्याने सांगितले का. मला खोटे बोलता येत नाही, आणि आईसमोर तर मुळीच नाही.

तिला सर्व ठाऊक होते. पाटी घरात आली त्याच आठवड्यात तिलाही तो प्रश्न दिसला होता, की दुसरीकडे पुढचे पान वाचले गेले आहे, जायचे का. प्रकरणभर घोड्यासारखे दौडायचे आणि प्रकरण संपले की दुसरा येईपर्यंत तिथे पाय आपटत थांबायचे, असे वाचणारा या जगात एकच माणूस आहे, असे ती म्हणाली. म्हणूनच ती वाय-फाय कधी बंद करीत नसे. मी बंद केले ते पुन्हा कसे सुरू करायचे हे तिला येईना आणि मला विचारायचा तिला संकोच. मी मात्र बॅटरी किती टिकली ते रोज तिला कौतुकाने सांगत होते. मला ती गुणवत्ता यादीतले गाढव म्हणाली. ते रास्त आहे.

मग ती पुष्कळ बोलली. युद्धाच्या दिवसांत बाहेर तोफेचे गोळे पडू लागले की आपण दोघे जिन्याखाली बसत असा, मध्ये एक दिवा आणि एक पुस्तक. आपले पान आधी वाचून व्हायचे, पण आईने ‘उलट’ म्हटल्यावाचून पान उलटायचे नाही असा करार होता, आणि तोवर आपण तिला कोपराने ढोसून ढोसून बेजार करीत असा. देवाने धीर वाटला तेव्हा वजीह बाहेर उंडारायला गेला होता, असे ती हसत म्हणाली. हसताना तिला धाप लागली. दुसरा करार असा, की शेवटचे प्रकरण कोणी एकट्याने वाचायचे नाही.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती लिहू की नको हे मला ठरवता येत नव्हते. देश सोडण्यासाठी सायप्रसच्या बोटीवर आपण दोघांसाठी जागा धरल्या होत्या, त्या सकाळी ती घरातून निघाली होती. हातात पिशवी होती. जकातघराच्या कोपऱ्यापर्यंत ती आली, आपण धक्क्यावर उभे आहात हे तिने पाहिले, आणि माझ्या बाबांना सोडून जाणे तिच्याने होईना, म्हणून तिथूनच परत फिरली. फिरण्याआधी, दोर सुटेपर्यंत आपण रस्त्याकडे पाहत होता, हेही तिने कोपऱ्याआडून पाहिले. त्यानंतर कोणत्या तोंडाने पत्र लिहावे हे तिला कळले नाही, आणि आपलेही आले नाही.

आता मुख्य गोष्ट. ती वाचत नव्हती, त्याला मी हट्ट समजले. वास्तविक ती शेवटच्या प्रकरणाच्या अलीकडच्या पानावर पोहोचली होती आणि आपण आलात की नाही ते कळेना म्हणून थांबली होती. अजून तिथेच आहे. ती म्हणते, तेव्हा तो धक्क्यावर उभा होता आणि मी गेले नाही. आता मी उभी आहे. फोन लावून देऊ का म्हटले, तर म्हणाली की फोनवर दोघे नुसते रडू, त्याला काय अर्थ आहे.

डॉक्टरांनी काल मला दाराबाहेर बोलावून सांगितले, की हे हृदय हिवाळा काढील असे त्यांना वाटत नाही. म्हणून लहान तोंडी मोठा घास घेते. आपण यावे. गोळ्या कोणाच्या हाती पाठवू नयेत, स्वतः आणाव्यात.

पुढे काय लिहावे ते सुचत नाही. अंतर देऊ नये.

युम्ना


हॅलिफॅक्स
दि. १३ नोव्हेंबर २०२१

प्रिय खालो,

तुला हा शब्द लिहून दोनदा खोडला, मग राहू दिला. बावीस वर्षांच्या भाचीला पहिल्यांदा खालो म्हणणारा मामा तुमच्या गल्लीत दुसरा नसेल. उम्म नकूलांना सांग, त्यांना महिनाभर पुरेल.

यंत्राने परवा पुन्हा विचारले, पुढे जायचे का? बोट उचलेना. मग ‘नको’ म्हटले आणि मधली सगळी पाने एक न गाळता वाचली. आज सकाळी तिथे पोहोचलो. आता आम्ही दोघे एकाच पानावर आहोत.

ती कोपऱ्यापर्यंत आली होती, हे मला माहीत नव्हते. इतकी वर्षे मी समजत होतो की ती घरातून निघालीच नाही. एवढ्याशा गोष्टीने काय फरक पडतो, असे तुला वाटेल. मला सबंध आयुष्य पुन्हा मोजावे लागते आहे.

तिकीट काढले. त्याआधीचे मिळाले नाही. शनिवारी, २७ तारखेला दुपारी बैरूतला उतरतो, तिथून टॅक्सीने संध्याकाळपर्यंत तुमच्या दारात. गोळ्या सामानात नाहीत, कोटाच्या आतल्या खिशात आहेत. पाटीसाठी सूर्यावर भरणारी एक जास्तीची बॅटरीही घेतली आहे, म्हणजे मोटरवाल्याची मिजास नको.

आईला म्हणावे, वजीह थांबायला शिकला. ती ‘उलट’ म्हणेपर्यंत पान उलटणार नाही, आणि तो शब्द मला समोर बसून ऐकायचा आहे. तोवर तिने ढोसले तरी चालेल.

तुम्हा दोघींना पोटभर आशीर्वाद.

तुझा,
खालो


अल-मिना
दि. २३ नोव्हेंबर २०२१

प्रिय खालो,
सादर सलाम.

पहिल्या पत्रात मी क्षमा मागितली होती, तशीच आजही मागते. हे पत्र मी लिहू नये, असे मला फार वाटत होते.

आई काल दुपारी गेली.

आपले पत्र मी तिला पुन्हा पुन्हा वाचून दाखवले. कोपऱ्याची ओळ आली की ती हात वर करून मला थांबवायची आणि तेवढीच ओळ परत वाचायला लावायची. शनिवारसाठी तिने उम्म नकूलांकडून केस धुऊन घेतले. एवढी सजते आहेस, नवरा येतोय की भाऊ, असे त्या म्हणाल्या, तेव्हा आईने त्यांना फणी फेकून मारली. मला मासळीचा भात करायला सांगून ठेवले होते. कांदा काळा होईस्तोवर तळ, पांढरा राहिला तर वजीह ताट सरकवील, असे बजावले होते.

रविवारपासून श्वास जड झाला. काल सकाळी तिने पाटी मांडीवर घेतली आणि बॅटरी किती उरली ते विचारले. थोडी आहे, पण मोटर येईल, असे मी म्हटले. मग ती म्हणाली की त्याला लिही, ‘उलट’. शनिवारी तूच सांग, पाच दिवसांवर तर आले आहे, असे मी म्हणून पाहिले. तिने मान हलवली. ती म्हणाली, की जन्मभर तो आधी संपवून माझ्यासाठी खोळंबत राहिला. या वेळी माझे आधी संपले. त्याला ताटकळत ठेवू नकोस. नीट लिही, ‘उलट’ म्हणाली म्हणून.

तिचा निरोप मी पोहोचवला. दुसरे काही करणे मला जमले नाही.

अंत्यविधी आज दुपारी आहे. शनिवारपर्यंत थांबावे म्हणून मी सर्वांच्या विनवण्या केल्या. मला चारचौघांत बोलता येत नाही, तरी बोलले. परंतु इथे आता कोणालाच थांबवून ठेवता येत नाही. शीतघरालाही वीज नाही.

पाटी खिडकीच्या फळीवर होती. काल केव्हा तरी तिची बॅटरी संपली असावी, कारण कळ दाबूनही ती जागी झाली नाही. पान मात्र पडद्यावर तसेच राहिले. दाखवत राहण्यास वीज लागत नाही, बदलण्यास लागते, असे आपण लिहिले होते. रात्री मी ते उशाशी घेऊन बसले होते. त्यावर बोटभर अक्षरांच्या मोजून सात ओळी आहेत, आणि खाली पांढरी जागा.

आता मोटर आली आहे. पाटी भरायला लावली आहे, वाय-फाय सुरू आहे. मी पान उलटलेले नाही, उलटणारही नाही. ते आपण तिथे उलटावे. मग इथे पाटी मला विचारील, की दुसरीकडे पुढचे पान वाचले गेले आहे, जायचे का. मी ‘हो’ म्हणेन. मीही आईसारखीच सावकाश वाचते. मी येईपर्यंत शेवटच्या पानावर थांबावे.

शनिवारी या. कांदा काळा तळून ठेवीन.

आपली भाची,
युम्ना

पाठवले : मंगळवार, दि. २३ नोव्हेंबर २०२१, सकाळी ६ वाजून १० मिनिटे.